मालक ठाऊक असलेलं गाठोडं

मुलुंड,
रविवार, ता. ६ एप्रिल १९५८

चि. माणिक हिस ताईचे अनेक आशीर्वाद.

मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण त्याचं मी फारसं ऐकत नाही. मधुकरची भोपाळची नोकरी कायम झाली. "आई, आता इकडेच ये" असं दर पत्रात लिहितो आणि तिथल्या उन्हाचं वर्णनही त्याच पत्रात करतो, तेव्हा बोलावतो आहे की भिववतो आहे ते कळत नाही. खालच्या जयंतीकाकूंनी कैऱ्या दिल्या, त्यांचा दोन बरण्या मेथांबा केला. तुला आवडतो म्हणून सवयीनं जास्त गूळ पडला. चार वर्षं तू माझ्याकडे जेवली नाहीस, हे हाताला अजून कुणी सांगितलेलं दिसत नाही.

मामांची शुभा परवा येऊन गेली. सुट्टी लागली की तू शाळेतल्या बायकांबरोबर बद्री-केदारला निघणार, हे तिच्याकडून कळलं. मी "छान" म्हटलं आणि तिच्या चहात दुसऱ्यांदा साखर घातली. तिनं तो तसाच प्यायला. पोरगी गुणी आहे.

रामेश्वरला गेलीस, काश्मीरला गेलीस, ते सगळं मला असंच इकडून तिकडून कळलं. तेव्हा काही लिहिलं नाही. पण बद्री-केदार म्हटल्यावर राहवेना. तुला वाटेत उपयोगी पडेल असं काहीतरी द्यावं म्हणून काल घाटकोपरच्या बाजारात गेले. दुकानदारानं थर्मास दाखवला. "पहाडात सकाळचा चहा संध्याकाळपर्यंत गरम, बाई. एकदम फस्क्लास." पिशवीतून पैसे काढले आणि कानाशी ह्यांचा आवाज आला, "आत काच आहे. फुटला तर ती हळहळेल आणि नाही फुटला तर महिनाभर त्यालाच सांभाळत बसेल." मी थर्मास खाली ठेवला. दुकानदार मला काय म्हणाला ते लिहीत नाही.

बोरीबंदरला हरवलेल्या सामानाच्या कचेरीत सत्तावीस वर्षं काढलेला माणूस. तुला त्या कचेरीची फार गंमत वाटायची. "भावजी, आज काय हरवलं लोकांचं?" असं तू दारातूनच विचारायचीस. हेही मग रंगात यायचे. छत्र्या, काठ्या, एका लग्नातली मुंडावळ्यांची पेटी, कुणाची तरी कवळी. लोकांची गाठोडी बघून बघून ह्यांनी प्रवासाची धास्तीच घेतली होती. फुकटचा पास हातात असून नाशिकपलीकडे कधी गेले नाहीत. पण प्रवाशाला काय लागतं ते ह्यांच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. म्हणायचे, "भेट म्हणून मिळालेल्या वस्तू आमच्याकडे कोऱ्या येतात. वापरातली वस्तू माणूस विसरत नाही, ओझं मात्र बरोबर विसरतो."

चार वर्षांपूर्वी आपल्या दोघींचं बद्री-केदारला जायचं ठरलं होतं तेव्हा शेजाऱ्यांनी काय काय दिलं होतं, आठवतं? जयंतीकाकूंचा चकल्यांचा डबा, ज्यात मधुकर लहानपणी मावला असता. वरच्या मजल्यावरच्यांचं गजराचं घड्याळ. आणि प्रत्येक भेटीला एक शेपूट: येताना गंगेचा गडू आण, माझ्यासाठी रुद्राक्ष, आमच्या ह्यांच्यासाठी शिलाजित. हे ओट्याशी उभे राहून हसत होते. म्हणाले, "देताना मागणं बांधून दिलं की ती भेट नव्हे, हमाली झाली."

आणि स्वतः मात्र महिनाभर काहीबाही आणत होते. गार्डाकडून मागून आणलेल्या दोन शिट्ट्या, धुक्यात चुकामूक होऊ नये म्हणून. फिरकीचे दोन तांबे. फिरकीच्या तांब्याचं झाकणच आधी हरवतं म्हणून तांबटाकडून दोन्ही झाकणांना साखळ्या लावून घेतल्या होत्या. त्यातलं तू काहीच पाहिलं नाहीस. तुला निघायच्या दिवशी द्यायचं होतं ना.

मग माझी चिठ्ठी तुला पोचली. "हे नको म्हणतात. माझं येणं होत नाही."

इथवर लिहून मी उठले, दूध तापवलं, तुळशीला पाणी घातलं. आता लिहिते.

माणिक, ह्यांनी नको म्हटलं नव्हतं.

आपल्या बायकांच्या जगात "हे नको म्हणतात" म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही. हळदीकुंकवाला जायचं नसलं, भिशीत पडायचं नसलं की मी तेच सांगत आले. हेही हसून म्हणायचे, "माझ्या नावावर आणखी काय काय खपवलंस?" त्या दिवशी हात सवयीनं तेच लिहून गेला. खोटं लिहिते आहे असंसुद्धा मला तेव्हा वाटलं नाही. चिठ्ठी पेटीत टाकल्यावर वाटलं, आणि पेटीत हात जात नाही.

तू रविवारी आलीस. दोन मेला. चप्पलसुद्धा काढली नाहीस. मी तांदूळ निवडत बसले होते.

"भावजी, खरं सांगा हं. ताईला तुम्ही अडवलंत ना?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सुपातून मान वर केली नाही.

"हो," हे म्हणाले. "मीच नको म्हटलं."

"का? महिनाभर भाताला पाणी कोण घालणार, हाच ना प्रश्न? ती तुमची मोलकरीण आहे का? जन्मात एकदा जायचं म्हणत होती हो ती!"

"चुकलं माझं," एवढंच म्हणाले. तू आणखीही पुष्कळ बोललीस. ते सगळं ह्यांनी उभ्यानं ऐकून घेतलं. तू गेल्यावर मला एक शब्द विचारला नाही. थोड्या वेळानं म्हणाले, "तांबे कुठे ठेवू?"

का मागे फिरले ते ह्यांनाही कधी सांगितलं नाही. मी घाबरले असंच ते समजत राहिले. तुला सांगते, आणि हे सांगताना वयाची लाज वाटते आहे.

त्या चिठ्ठीच्या आदल्या आठवड्यात मी भाजी घेऊन आले तर हे स्वयंपाकघरात खळ घेऊन बसलेले. डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते. "तांदूळ. पाणी बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत." "हिंग. मधुकरच्या ताकात चिमूट." मला न सांगता जयंतीकाकूंकडे जाऊन आमटी शिकून आले होते. पंधरा दिवस शिकत होते म्हणे. मोठ्या हौसेनं मला पहिली वाटी दिली आणि म्हणाले, "आता तू बिनघोर जा. तुझ्यावाचून इथे काही अडणार नाही."

आमटी चांगली झाली होती. तेच मला सोसलं नाही. पंचवीस वर्षं ज्या घरात मी एक दिवस आजारी पडायला कचरले, ते घर माझ्यावाचून चालणार, आणि मीठ अगदी बेताचं पडणार! बिनघोर हा शब्द मी ऐकलाच नाही. पुढचं वाक्य तेवढं घेऊन बसले. ह्या माणसानं आपली प्रवासाची धास्ती गिळून मला जायची वाट करून दिली होती. एवढी मोठी भेट मला कुणी कधी दिली नव्हती आणि मी तिचा अर्थ काढला, की आता मी ह्यांना नको.

तुझी यात्रा मी मोडली. त्याचं खापर ह्यांच्या डोक्यावर फोडलं. आणि तू ह्यांच्याशी बोलणं सोडलंस तरी गप्प राहिले. आज सांगू, उद्या सांगू करत तीन वर्षं गेली आणि मग आषाढात हेच गेले.

तू तेराव्याला आलीस. माझा हात धरून बसलीस. ह्यांच्या तसबिरीकडे मात्र पाठ करून. निघताना हळूच म्हणालीस, "आता तरी मोकळी झालीस, ताई."

त्या वेळीसुद्धा मी गप्प बसले. सुपातून मान वर न करणं एक वेळ मी स्वतःला माफ करीन. हे नाही करता येत. त्या दिवसापासून जेवायला बसले की तुझं ते वाक्य समोर येऊन बसतं.

काल बाजारातून रिकाम्या हातानं परतल्यावर ह्यांची काळी ट्रंक उघडली. तांबे तिथे आहेत हे ठाऊक होतं. तळाशी धुवट पंच्यात बांधलेलं एक गाठोडंही निघालं, त्याला कचेरीतल्यासारखी पुठ्ठ्याची पट्टी सुतळीनं अडकवलेली. सापडलेल्या प्रत्येक सामानाला तिथे तशी पट्टी बांधतात. ह्यांचंच अक्षर:

"सामान: एक गाठोडं. ठिकाण: मुलुंड. ता. ८-५-५४. मालक ठाऊक. मागायला येईपर्यंत जपून ठेवणे."

आत एक शिट्टी, सुईदोरा आणि बटणं घातलेली काड्यांची पेटी, आणि एक चष्मा. त्या साली पाडव्याला तू इथे स्वतःच्याच चष्म्यावर बसली होतीस आणि मोडकी काडी दोऱ्यानं बांधून घरी गेली होतीस, आठवतं? ह्यांच्या कचेरीत सगळ्यांत जास्त चष्मेच यायचे. म्हणायचे, "दुसरं काही हरवलं तर माणूस अडतो. चष्मा हरवला तर एवढ्या लांब जाऊन काही न बघता परत येतो." अंधेरीच्या तुझ्या चष्मेवाल्याकडून हे तुझा नंबर काढून आले होते. मला पत्ता नाही.

चष्म्याच्या घरात पावती आहे. चष्मा ताब्यात घेतल्याची तारीख आठ मे. तू बोलून गेलीस त्या रविवारनंतरचा शनिवार, माणिक. कचेरी सुटल्यावर मुलुंडची गाडी सोडून हे अंधेरीला गेले आणि तुझा चष्मा घेऊन आले. घरी उशीर का झाला ते मी विचारलंही नसेल. त्या आठवड्यात मी ह्यांच्या डोळ्यांना डोळा देत नव्हते.

हे गाठोडं पट्टीसकट तुझ्याकडे पाठवते आहे. मागायला तू येणार नाहीस, तेव्हा कचेरीचा नियम मी मोडला. चष्म्याचा नंबर आता बदलला असेल. तरी एकदा डोळ्याला लावून बघ. सोबत एक तांब्या आहे, भरून उलटा धरून पाहिला, थेंब गळत नाही. मेथांब्याची बरणी पाठवणार होते, पण ती काचेची, म्हणून ठेवून घेतली. माझ्यासाठी काहीही आणू नकोस. गडू नको, अंगारा नको. माफीसुद्धा मागत नाही, कारण भेटीला मागणं बांधायचं नाही हे मी ज्यांच्याकडून शिकले त्यांचीच ही भेट आहे.

दुसरा तांब्या माझ्याजवळ ठेवला आहे. पुढच्या वर्षी अक्षयतृतीयेनंतर मी जाणार. कुणाबरोबर ते ठरलेलं नाही, पण जाणार. मधुकरला लिहिलं. विचारलं नाही, कळवलं. मला जायचं होतं गं. तेव्हाही फार जायचं होतं.

बघ, नियम सांगितला आणि लगेच एक मागणं निघालंच. गाठोड्यात तळाशी दहा पोस्टकार्डंही आहेत, ती मघाशी सांगितली नाहीत. "प्रवासात मजकूर सुचतो, पत्ता लिहायचा कंटाळा येतो" म्हणून ह्यांनी सगळ्यांवर आपल्या नावानं पत्ता आधीच घालून ठेवला आहे. कार्डं आण्या-पैच्या वेळची आहेत, वर लहानसं तिकीट लावावं लागेल. पत्ता खोडू नकोस, माझं नाव घालू नकोस. त्यातलं एक टाक. हरद्वारहून टाक, नाहीतर वर केदाराच्या वाटेवरून. काय लिहायचं ते तुझं तू बघ, आणि काही सुचलं नाही तर कोरं टाक.

आमचा पोस्टमन गुणाजी कार्ड देताना नाव मोठ्यानं वाचतो. आषाढापासून ह्या दारात ह्यांच्या नावानं कुणी हाक मारलेली नाही.

"नको" म्हणणारी,
तुझी ताई
पद्मजा