डोंगराचा वाटा

कुशिरो, १९ फेब्रुवारी

चि. मिओरीस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

इकडे बरं आहे. दाराशी बर्फ कमरेएवढा, मुळा खारवून झाला. मामीचे पाय चालत नाहीत, तोंड मात्र चालतं. तुझ्या दवाखान्यातला गरुड आता मान वर धरतो का?

परवा फोनवर तू विचारलंस, "मामा, तुम्ही तांब्याचीच गोळी वापरता ना?" मी म्हणालो, "म्हातारा झालो गं, पण शिशाला बंदी आहे, एवढा कायदा कळतो मला!" वर हेही बोललो, "त्या सेनदाईहून शिकारीला येणाऱ्या होन्माला विचारा. बाहेरच्यांना काय पडलंय इथल्या पाखरांचं?" काल त्याच संशयावरून होन्माची बंदूक चौकीत जमा झाली. म्हणून हे पत्र.

साकुझो गेला तेव्हा त्याच्या बायकोने मला एक डबा दिला. त्याने स्वतः ओतलेल्या शिशाच्या सात गोळ्या. चाळीस वर्षं आम्ही दोघांनी एका दोरीने हरणं ओढली, टाकवेनात गं. त्याच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी त्यातली एक हरणावर झाडली, तू गरुड सापडला म्हणालीस त्याच ओढ्याकाठी.

तांबं फुलासारखं उमलतं, पण एकसंध राहतं. शिशाचा हाडावर भुगा होतो, मांसात वीतभर पसरतो, डोळ्याला दिसत नाही, पण पोटात गेला की विष. हे मला ठाऊक होतं. म्हणून तर जखमेभोवतालचं मांस घरी आणलं नाही; बाकीच्यातला वाटा तुला पाठवायचा होता. साकुझो म्हणायचा, "तोकुजी, हावरटासारखं सगळं नेऊ नको रे. डोंगराचं डोंगराला ठेव." ते मांस मी बर्फावर नीट मांडलं, हात जोडले. समोरच्या झाडावर गरुड बसला होता. म्हटलं, "ये बाबा, तुझा वाटा."

आपल्या पोटात नको म्हणून काढलेलं त्याला वाढलं, आणि वर पुण्य केल्यासारखा शीळ घालत घरी आलो.

तू म्हणालीस, एक्स-रेत त्याच्या पोटात बर्फ भुरभुरल्यासारखे ठिपके दिसतात. तो बर्फ माझा आहे.

उद्या सकाळी चौकीत जातो. बंदूक, परवाना, उरलेल्या सहा गोळ्या देईन. होन्मालाही तोंड दाखवायचंय. मामीला अजून सांगितलेलं नाही.

गरुड गेला तर लपवू नकोस.

आणि पोरी, मी जखमेपासून वीतभर सोडून कापलं होतं. वीत पुरते का, ते तुला जास्त कळतं. पाठवलेलं मांस शिजवू नकोस. शिजवून झालं असेल, तर तेही कळव.

ज्याच्या हातचं तू आजवर न विचारता खाल्लंस,
तो तुझा मामा
तोकुजी