वहिनीला न्यायला ये

चि. धाकट्यास ताईचा आशीर्वाद. खरं तर चप्पलच पाठवणार होते.

वहिनी आणि तिन्ही पोरी माझ्याकडे सुखरूप पोचल्या. तू मोडलेला तिचा हात प्लास्टरमध्ये आहे. आईचे गुडघे कसे आहेत?

तिसरीही मुलगीच झाली म्हणून बडवलंस ना तिला? अरे, मी दिवसभर इथे यंत्रावर वळूंचं वीर्य निवडते. एक्स गुणसूत्रवालं बीज मादीचं, वायवालं नराचं, आणि दोन्ही वळूचीच. एक्समध्ये डीएनए किंचित जास्त, म्हणून रंगवून लेझरखाली धरलं की ते जास्त चमकतं. गाईची त्यात काय चूक? तुझंही तसंच आहे, मूर्खा.

परवा एका वळूने आमच्या गड्याचा हात मोडला. संध्याकाळी त्याला खच्ची केलं. चिमटा मीच दाबला.

वहिनीला न्यायला जरूर ये. चिमटा धुऊन ठेवलाय.

तुझीच,
ताई