बॅरनची दुसरी बायको

निरवांगी, ता. इंदापूर

प्रिय प्राची,

तू पाठवलेलं तुझ्या पुस्तकाचं प्रकरण इंदापूरला जाऊन छापून आणलं. मराठीत करून पाठवलंस म्हणून बरं, नाहीतर तुझ्या जर्मनमधलं मला काय कळणार होतं! चार दिवस झाले, दुपारी डाळिंबाचं काम उरकलं की तुझ्या आजोबांना वाचून दाखवते. आबा त्या बॅरन फॉन एर्लेनबाखच्या घरात असे रमलेत, जणू आपल्या भावकीतलाच माणूस. सम्राटाच्या न्यायालयात तीस वर्षं नोकरी, पाच लेकरं गावाकडं, आणि हा वर्षातून एकदा घरी येणार. आबांना तो काही आवडला नाही, पण ऐकणं सोडवत नाही.

त्याची पहिली बायको बाळंतपणात गेली, ते वाचताना मी कागद खाली ठेवला. आबांनी पाण्याचा तांब्या पुढं केला. मग दुसरी बायको आली. शिवेच्या एका खटल्यावर बॅरननं आपल्या आठवणींत अकरा पानं लिहिलीत आणि तिच्याबद्दल एकच ओळ, घर नीट चाललं आहे. आबा चिडलेच. "घर आपोआप चालतंय व्हय? पोरांच्या तोंडात घास कुणी घातला, ते लिव म्हणावं प्राचीला."

तू लिहिलंयस म्हणा. थोरली लेओनोरे लग्न होऊन गेल्यावर सावत्र आईला दर महिन्याला पत्र पाठवायची, पण 'मॅडम' म्हणून. आई असं कधीच नाही. त्यावर तुझं वाक्य आहे, हे नातं शेवटपर्यंत औपचारिक राहिलं. मला नाही तसं वाटत, बाळा. लेकरू तापलंय, काय करू, असं ती पत्रात विचारते; परक्या बाईला असं कुणी विचारत नाही. ते वाक्य एकदा पुन्हा बघ.

तुझी आई, माझी थोरली बहीण अक्का, गेली तेव्हा तू सहा वर्षांची होतीस. मी तुझ्या बाबांशी लग्न होऊन या घरात आले, तरी तुझी मावशीच राहिले. शेजारणी तुला शिकवायच्या, आई म्हण. तू ओठ घट्ट मिटायचीस. बारामतीच्या शाळेत आईच्या नावाच्या रकान्यात तू अक्काचं नाव लिहिलंस आणि माझ्याकडं बघितलंस. मी मान हलवली. खोटं कशाला बोलू, येताना एसटीत मी खिडकीकडं तोंड करून बसले होते. तू मात्र माझ्याच मांडीवर झोपून गेलीस.

परवा फोनवर तू विचारलंस, पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेत 'आईस' लिहून त्याखाली माझं नाव घालू का. मी रेंज नाही म्हणत फोन ठेवला. रेंज होती. मला बोलताच येईना, म्हणून हे पत्र. 'आईस' म्हणून अक्काचंच नाव घाल. तिला तू सहाच वर्षं मिळालीस. खालच्या ओळीत माझं, आणि नावापुढं मावशी. हा शब्द मला एके काळी कमी वाटला होता. आता वाटत नाही.

तुझीच,
माधवी मावशी