‘कट!’ म्हटलं तरी थांबायचं नाही

सोमवार, ११ जून १९३४
नवी फिल्म सुरू. दोनच रिळांची, म्हणजे वीसेक मिनिटांची, नाचगाण्यांची, विनोदी. आणि विषय काय — फिल्म कशी बनते! माझं काम नेहमीचंच. प्रत्येक टेकमध्ये, कॅमेरा चालू असताना, कुणाचा हात कुठे, टोपी कुठे, ते टिपून ठेवायचं.

सकाळी गाणं लावलं. तबकडीवर आधीच भरलेलं. मुली नाचतात आणि नुसते ओठ हलवतात. पियानो ऑरिनचा, माझ्या नवऱ्याचा. फेब्रुवारीत वाजवला, मार्चमध्ये तो गेला. वाटलं होतं, ऐकवणार नाही. पण दिवसभर ऐकलं. कपडेपट सांभाळणाऱ्या बाईंनी विचारलं, बरी आहेस ना गं? म्हटलं, हो. खरंच होते.

मंगळवार
आज भलताच घोळ! फिल्ममधला दिग्दर्शक झालाय पिंकनी. गाणं रंगात आलं की तो खुर्चीवर चढून ‘कट!’ ओरडतो आणि मुली त्याला न जुमानता नाचत राहतात. पण तो ओरडला की आमचा कॅमेरामन गस खरा कॅमेराच बंद करतो! पुन्हा घेतलं. पुन्हा बंद!

आमचे खरे दिग्दर्शक टॅगर्ट डोकं धरून म्हणाले, “गस, अरे बाबा, तो नट आहे!”
“मला काय सांगता? या हाताला सांगा. वीस वर्षं हेच शिकलाय तो.”
पिंकनी फुगून बसला. “जन्मात पहिल्यांदा कुणी माझं ऐकतंय, तर तेही तुम्हाला बघवत नाही!”

बुधवार
आजही तेच. गसचा हात काही ऐकत नाही.

गुरुवार
वरचे साहेब येऊन गेले. उद्या संध्याकाळपर्यंत गाणं झालं नाही तर गाळायचं. शनिवारी ही जागा मोठ्या चित्रपटाला हवीय. गाणं गेलं की ऑरिनचं वाजवणंही गेलं. त्याचं दुसरं काहीच भरलेलं नाही.

शेवटी मीच टॅगर्टांकडे गेले. म्हटलं, मी गसचा हात धरून ठेवते.
ते बघतच राहिले. “मिसेस डनवुडी, मार्चनंतर आज आपणहून बोललात! धरा, खुशाल धरा.”

शुक्रवार
झालं! झालं एकदाचं!
गसचा उजवा हात मी दोन्ही हातांनी आवळून धरला. पिंकनी गरजला — कट! तसा तो हात असा काही उसळला, जणू दावणीचं खेचर. “सोडा हो बाई,” गस कुजबुजला, “घुसमटतोय तो!” मला हसू फुटलं. आवाज भरायचा नव्हता, तेव्हा गप्प राहायचीही गरज नव्हती. पोट दुखेपर्यंत हसले. गाणं पूर्ण झालं.

शनिवार
काल घेतलेलं आज पडद्यावर पाहिलं. सेटवरच्या मुलींच्या रंगपटाच्या आरशात आमचा खरा कॅमेरा, गस, आणि त्याच्या हाताला लोंबकळून तोंड भरून हसणारी मी! हे माझ्याच नजरेला पडायला हवं होतं. आणि सेट तर सकाळीच मोडलेला. आता गाणं गाळणार.

साहेबांनी तेवढा तुकडा पुन्हा लावायला सांगितला.
“ही बाई कोण?”
मीच हात वर केला.
“फिल्म बनवण्याचीच फिल्म आहे ना? मग राहू दे. त्या नटापेक्षा ही बरी हसवते.”
पिंकनी म्हणाला, “ऐकू येतंय हं मला!”

बुधवार, २० जून
ग्लेनडेलला पहिला खेळ. आरसा आला आणि थिएटर हशानं कोसळलं! बाहेर आल्यावर संगीतवाल्या वॉलींना म्हटलं, ऑरिनचा पियानो किती सुरेख वाजला. ते टोपी हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, ऑरिनची तबकडी एप्रिलमध्येच फुटली. पियानो दुसऱ्याच माणसानं वाजवलाय. “पहिल्याच दिवशी तुम्ही गुणगुणायला लागलात. कोण सांगणार तुम्हाला?”

सगळ्यांना ठाऊक होतं. गसला, टॅगर्टांना, नाचणाऱ्या मुलींना — अगदी त्या बडबड्या पिंकनीलासुद्धा! आणि कुणी एक अक्षर बोललं नाही.