फायली फोडून घेतलेला सूड

सोमवार, ३ जून
आज भर मीटिंगमध्ये टापटीपबाईंनी माझी अब्रू काढली. परवा आल्या, लगेच टीम लीड! म्हणे, लिफ्ट चालवणारा अख्खा प्रोग्राम एकाच फाइलमध्ये कोंबलाय, ही फाइल आहे की अडगळीची खोली? सगळे खदाखदा हसले. ती फाइल फक्त मला कळते, म्हणून तर माझी खुर्ची शाबूत आहे. बदला घेणार. सोडत नाही.

मंगळवार, ४ जून, सकाळी
बेत पक्का. बाईंना एका फाइलऐवजी हेडर आणि सोर्स अशा वेगळ्या फायली हव्यात ना? देतो! हेडरमध्ये फक्त कामांची नावं: दार उघड, मजल्यावर थांब. ती कामं होतात कशी, ते सोर्स फायलींत. तिथे समजावणारी एकही कॉमेंट नाही, व्हेरिएबल्सची नावं नुसती टी१, टी२, टी३. मी रजेवर गेलो की बसा बोंबलत.

गुरुवार, ६ जून
बिल्ड होईना, म्हणजे फायली जोडून प्रोग्राम तयारच होईना. मजल्याचा आकडा हेडरमध्येच ठेवला होता. हेडर घेणाऱ्या सहाही सोर्स फायलींनी त्याच नावाचा स्वतःचा वेगळा आकडा काढला. कॉम्प्युटर विचारतो, एकाच नावाचे सहा कसे? कॉम्प्युटरच भिकार आहे. बाई जाता जाता म्हणाल्या, हेडरमध्ये नुसतं एक्स्टर्न, म्हणजे ‘आकडा दुसरीकडे आहे’ एवढंच लिहा, खरा आकडा एकाच सोर्समध्ये ठेवा. माहीत होतंच. त्यांची परीक्षा घेत होतो.

शुक्रवार, ७ जून
झाला बिल्ड! हेडर इतके चकाचक की बाई चक्क शाबास म्हणाल्या. बिचाऱ्या. सोर्स उघडतील तेव्हा डोळे पांढरे होतील. आठवडाभराची रजा टाकली.

मंगळवार, ११ जून
ऑफिसचा फोन नाही. बायकोने विचारलं, सारखा फोन काय बघताय, कोणी आजारी आहे का? म्हटलं, पडणार आहेत.

शुक्रवार, १४ जून
अजून फोन नाही. बाई विचारायला लाजत असतील. फोन आला तरी दोनदा उचलायचा नाही, असं ठरवलंय.
दुपारी: वाजला. पहिल्याच रिंगला उचलला. पत्ता चुकलेला कुरिअरवाला.

सोमवार, १७ जून
ऑफिसची लिफ्ट आमच्याच प्रोग्रामवर चालते. आज इतकी अलगद थांबली की राहवेना. सोबतच्या वॉचमनला म्हटलं, बघ, याला म्हणतात अनुभव. तो म्हणाला, हो ना साहेब, बाईंनी गेल्या आठवड्यात नवीन प्रोग्राम घातला, आता धक्काच बसत नाही.
बाईंनी मनापासून आभार मानले. म्हणाल्या, तुमचे हेडर इतके स्पष्ट की जुने सोर्स उघडावेच लागले नाहीत, सगळे नव्याने लिहिले. मला उद्यापासून लिफ्टची माहितीपत्रकं लिहायला दिली आहेत.
संध्याकाळी जिन्याने उतरलो.