बोट पाण्यात, बोट बाहेर

२ जून, सोमवार
गावाला बोट आली. पुराच्या तयारीसाठी. सोळा फुटी, फायबरची, मागे इंजिन, दोन चाकांच्या ट्रॉलीवर. वस्तू चांगली आहे. वीस वर्षं फौजेत हेच केलं, बोटी पाण्यात सोडणं नि काढणं, तेवढं कळतं. ग्रा.पं.समोर पूजा. सरपंच सुवर्णा बाजूला उभी, पुढं पुढं तिचा नवरा बबन. नारळ फोडायला ह्याला दगड सापडला नाही. बोटीच्या टोकावरच आपटला. फायबरला केसभर चीर. टाळ्या. हळदीकुंकूसुद्धा त्या चिरेवरच लावलं.

५ जून, गुरुवार
घाटावर पहिल्यांदा बोट सोडली. सोडली म्हणजे पाडली.
बबनने उताराच्या वरच पट्टे काढले. म्हणे खाली घाई नको. ट्रॅक्टर उलटा घेतला, मधेच ब्रेक दाबला, बोट ट्रॉलीवरून घसरून पाण्याच्या दहा हात अलीकडे काँक्रीटवर. बाराजणांनी उचलून पाण्यात ढकलली. ढकलल्यावर ती निघाली धारेला, कारण टोकाला दोरच बांधला नव्हता. बोट पाण्यात, माणसं काठावर. एकजण पोहत जाऊन घेऊन आला. तोवर आत पाणी भरायला लागलेलं. तळाचं बूच डब्यात, डबा ग्रा.पं.च्या कपाटात.
आणि सगळे हसतायत. मोबाईल काढून.
म्हटलं, "बबन, बूच, दोर, वल्ही, सगळं वर कोरड्यात बघायचं. पट्टा तेवढा शेवटी, पाण्याजवळ."
"हवालदार काका, फौज संपली. आता पंचायत हाय."
परत हशा. शिसारी आली. चालत घरी.

६ जून, शुक्रवार
बोट बाहेर काढली. बघायला जाणार नव्हतो, गेलोच. इंजिन वर उचललं नाही, तसंच ओढलं. पंखा काँक्रीटवर खरडत वर आला. तो आवाज अजून दातात आहे. आतलं पाणीही उपसलं नव्हतं. ट्रॉलीचं एक चाक बसलं. बबन म्हणतो कंपनीचा माल हलका.
जेवण गेलं नाही. बायको शालन म्हणाली, "बोट काय आपली हाय का? जेवा गप." आपली नाही तर कुणाची?

९ जून, सोमवार
सुवर्णा घरी आली. एकटी. वही घेऊन.
"काका, तुमी शिकवा. सगळ्यांस्नी. मला पण."
मी म्हटलं, तुझा नवरा शिकलेलाच आहे.
"त्येला काय येतंय ते मला म्हाईत हाय," म्हणाली. हसली नाही. चहा संपवून बसूनच राहिली. उत्तर घेतल्याशिवाय उठणार नव्हती. हो म्हटलं. एका अटीवर, घाटावर बोलणार एकच माणूस. मी.

१४ जून, शनिवार
चार दिवस झाले. सातजण येतात, त्यातले दोघे फोटोला. सुवर्णा मात्र रोज. साडीचा काष्टा घालून गुडघाभर पाण्यात उभी राहते. पट्टा, बूच, दोर, सगळं पाठ. ट्रॉली चाकाच्या वरपर्यंत पाण्यात घालायची नाही, हेही तिने एकदा सांगितल्यावर ध्यानात धरलं.
बबन ट्रॅक्टरवर. उसाची ट्रॉली कितीही मोठी असो, डोळे मिटून उलटी घेतो, पण ही आखूड, लगेच आडवी होते. तीनदा आडवी झाली. चौथ्यांदा मी सगळ्यांसमोर म्हणालो, "खाली उतर, बायकोला बसव." लोक हसले. या वेळी मलाही बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

२१ जून, शनिवार
आज विंच शिकवली. ट्रॉलीच्या पुढं बसवलेली चरखी, तिचा पट्टा बोटीच्या नाकाला अडकवून दांडा फिरवत बोट ट्रॉलीवर ओढायची. खटका टाकला की दांडा उलटा फिरत नाही. खटका नसताना दांडा सोडला की अख्ख्या बोटीचं वजन त्या दांड्यात येतं, मनगट मोडतं. फौजेत एकाचा जबडा गेलेला बघितलाय. तेही सांगितलं. बबन जांभई देत होता.
असल्या माणसाच्या हातात बोट. वीट आला.

२२ जुलै, मंगळवार
पंचगंगा पात्राबाहेर दोन दिवस. बावड्याकडचा रस्ता बुडाला. आता घाट नाही, रस्ताच उतार. पाण्यात दूध डेअरीचे कॅन, मेलेली कोंबडी, थर्माकोल, कुणाचं चप्पल. वास असा की तोंडात येतो.
चौगुले मास्तरांचं डायलिसिस मंगळवार, गुरुवार, शनिवार. चुकवून चालत नाही. पलीकडे रुग्णवाहिका थांबते, तिथवर बोटीनं न्यायचं. आज पहिली फेरी. मी इंजिनावर, बबन पुढं वल्हं घेऊन, सुवर्णा ट्रॅक्टरवर. नीट झालं. बोट पाण्यात ठेवत नाही, लाकडं वाहून येतात, म्हणून प्रत्येक वेळी बाहेर काढायची.
मास्तर बोटीत बसताना म्हणाले, "हवालदार, तुम्ही आहात म्हणून बसतो हां. नाहीतर घरी मेलेलं बरं."
बबन त्यांचाच विद्यार्थी. समोर बसलेला.

२४ जुलै, गुरुवार
बबनचा हात मोडला. आज लिहवत नाही.

२५ जुलै, शुक्रवार
लिहितो.
काल मास्तरांना सोडून आलो, बोट काढत होतो. दांडा माझ्या हातात. पट्टा अडकला होता म्हणून ढिला करायला मी खटका उचलला. पट्टा सुटला, परत ओढायला लागलो. ट्रॅक्टरचा आवाज, पाऊस, मागून लोक ओरडतायत घ्या घ्या. बोट निम्मी वर आली आणि माझ्या खांद्यात कळ आली. बबनला म्हटलं धर. त्याने दांडा धरला.
त्याने विचारलं, "खटका टाकलाय का?"
मी म्हटलं, "टाकलाय. सोड."
सोडला.
दांडा कोपराखाली बसला. हाडाचा आवाज मला ऐकू आला, ट्रॅक्टर चालू असताना. बोट परत पाण्यात. खटका उचललेलाच होता. मी बघितला. बघितला आणि पायाने खाली पाडला. का पाडला ते माहीत नाही. माहीत आहे.
त्याच बोटीतून त्याला पलीकडे नेलं. हात मांडीवर धरून बसला होता, ओठ पांढरे. मी इंजिनावर.
काठावर लोकांनी विचारलं तर म्हणाला, "हात निसटला माझा." तीनदा म्हणाला.

२५ जुलै, संध्याकाळ
गावात पसरलंय की बबन प्यायलेला होता. मी डेअरीपाशी उभा होतो, माझ्यासमोर बोलले. मी दुधाचं भांडं घेऊन घरी आलो. त्याने महिनाभर घोट घेतला नाही, हे मला माहीत आहे, बोटीवर यायचं तर प्यायचं नाही, ही अट मीच घातलेली.
रोज त्याला तोंडावर बोललो. आता बोलायचं तेव्हा तोंडात दूध.

२६ जुलै, शनिवार
सकाळी सुवर्णा कागद घेऊन आली. तहसीलला अहवाल द्यायचा. तिच्याच अक्षरात, "विंचवरील व्यक्तीच्या निष्काळजीपणामुळे अपघात." खाली साक्षीदार, माझं नाव.
म्हटलं, असं लिहायची काय गरज?
"सरपंच म्हणून खरं हाय ते लिवणार. नवरा माझा, म्हणून काय झाकायचं?" डोळे सुजलेले. "सासूबाई बोलंनात माझ्याशी. पण गावाला कळाय पायजे, बोट म्हंजे खेळ न्हाई. तुमीच सांगितलंय की."
सही केली.
सही नेहमीसारखी सरळ आली, याचीच जास्त किळस येते.

२६ जुलै, दुपारनंतर
मास्तरांना सोडून परत येताना बबन बोटीत, दवाखान्यातून सुटलेला. प्लास्टर खांद्यापर्यंत. पुढं टोकाला सुवर्णाचा चुलतभाऊ वल्हं घेऊन, कानात वायर घालून. इंजिन मधेच बंद केलं, लाकूड आडवं आलं होतं. तेवढी शांतता. म्हटलं,
"बबन, मी सोड म्हणालो होतो."
"व्हय."
"मग सांगितलं का नाहीस?"
तो पाण्याकडे बघत होता. "मास्तर तुमच्या भरवशावर बसत्यात. तुमी चुकलासा असं कळलं तर मंगळवारी बसतील व्हय? घरातच मरतील की." मग म्हणाला, "माज्यावर भरवसा हुताच कुणाचा? त्यात काय जातंय माजं."
मी म्हटलं, जातंय. बायकोनं लिहून दिलंय.
"तिचं तिला कळंल." थोड्या वेळाने, "इंजिन चालू करा काका, हिकडं लई घाण वास याय लागलाय."
ह्या माणसाला मी ट्रॅक्टरवरून खाली उतरवलं होतं.

२७ जुलै, रविवार
शालनला सांगितलं. भाकरी थापत होती, हात थांबला. मग,
"त्येचा उजवा हात हाय. शेतात ट्रॅक्टर त्योच चालीवतो. ऊस त्योच तोडून घालतो. तुमी सही केलासा?"
म्हटलं, हो.
"आज वाढून घ्या तुमचं तुमी." उठून गेली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.
वाढून घेतलं नाही.
पाणी आणखी वाढतंय. वरच्या गल्लीत पहिल्या पायरीला.

२८ जुलै, सोमवार
सुवर्णाने दोन बायकांना पट्टे बांधायला शिकवले. मी ग्रा.पं.च्या ओट्यावरून बघत होतो. माझीच वाक्यं, माझ्याच आवाजात, "एकच माणूस बोलणार." एकीने विचारलं, सरपंचबाई, तुमच्या मालकांसारखं झालं तर? ती म्हणाली, "त्यांनी ऐकलं न्हाई, म्हणून झालं." नवरा मागे कट्ट्यावर बसलेला, ऐकत.
ऐकलं होतं. माझंच ऐकलं होतं.
रात्रीपर्यंत थांबलो नाही, तिथंच आत जाऊन ग्रा.पं.च्या कोऱ्या कागदावर लिहिलं. खटका मी उचलला, मी विसरलो, मी सोड म्हटलं, नंतर मी पायाने पाडला. सही. तारीख. तेवढ्यात सुवर्णाला पलीकडच्या वस्तीवरून बोलावणं आलं, गेली. कागद खिशात राहिला.

२९ जुलै, मंगळवार, स. ७
बबनच्या दारात गेलो. सुवर्णा ट्रॅक्टर काढायला गेलेली. तो डाव्या हाताने दाढी करत होता, गालावर दोन ठिकाणी रक्त. कागद पुढं धरला. वाचला, दोनदा. कागदावर लागलेला फेस पुसून, घडी घालून स्वतःच्या सदऱ्याच्या खिशात टाकला.
"आधी मास्तरास्नी सोडून या."
"परत दे. तिला मी देणार."
"आल्यावर," म्हणाला, आणि आरशाकडे वळला.
त्याचा एकच हात. ओढून घेतला असता. घेतला नाही.
मास्तर रस्त्याच्या कडेला खुर्चीवर, मांडीवर पिशवी, माझी वाट बघतायत. पाण्याला आज ओढ जास्त दिसते. सुवर्णा हॉर्न वाजवतेय. निघतो.