आठवी मेंढी

३ एप्रिल

पाच नंबर आज धावली! चालली नाही, धावली. सादिर मामांनी मेंढवाड्याचं फाटक उघडलं, कुत्रा भुंकला आणि ती थेट टेकडीकडे सुटली. डावा मागचा पाय — हाडात संशोधक बुरुल एजेंची जाळी बसवलेला पाय — बाकीच्या तिन्ही पायांइतकाच जोरात पडत होता. मी काठी टेकत मागे.

मामा ओरडले, "अक्मत, मेंढी बरी झाली! आता तुझा नंबर कधी?"

शरदाच्या आधी, म्हणालो. शरदाच्या आधीच व्हायला हवं. दोन हिवाळ्यांपूर्वी घोड्यावरचा उलाक खेळताना घोडा अंगावर पडला, नडगी तुटली, मग सडली. सडलेला तुकडा काढून टाकला. तेव्हापासून हाडात चार बोटांची फट आणि पायाभोवती लोखंडी कड्या. इस्पितळानं लिहून दिलंय — शरदापर्यंत फट भरली नाही, तर पाय गुडघ्याखालून काढायचा.

भरणार. मी जाळी बसवलेल्या आठ मेंढ्या रोज पाहतो. मला माहीत आहे.

५ एप्रिल

एजे बिश्केकहून आल्या. एकेका मेंढीचा पाय दाबून पाहिला. बरोबर डबीत नवी जाळी आणली होती. पांढरी, बोटाएवढी, तळलेल्या बोरसोक-पावाच्या आतल्या भागासारखी भोकाभोकांची. अंड्याच्या टरफलातलं कॅल्शियम घेऊन, भट्टीत भाजून करतात. ('कॅल्शियम' दोनदा खोडलं, आता बरोबर आहे.)

मामांना राहवलं नाही. "एजे, टरफलाचं हाड? उद्या आमचा पोरगा आरवायला लागला तर?"

"आरवला तर पहाटे उठेल तरी," एजे म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "मी हाड घालत नाही, अक्मत. हाडाला घर बांधून देते. राहायला त्याचं त्यानंच यायचं. हाड भरत गेलं की माझं घर विरघळतं."

पुढचा आठवडा मोठा आहे. एजेंच्या संस्थेची पाच जणांची परिषद मेंढ्या जिवंत पाहायला येणार. त्यानंतर आठही मेंढ्या मारून हाडं तपासायची. मग मतदान — जाळी माणसात घालू द्यायची की नाही. दिली परवानगी, तर पहिला माणूस मी.

परिषदेचे प्रमुख मामित अता. हाडांचे जुने सर्जन. त्यांनी एजेंना तोंडावर सांगितलंय, "पोराच्या पायात मडकी भाजून घालायची नाहीत. आठ मेंढ्या दाखव. एक कमी चालणार नाही."

९ एप्रिल

झोप नीट लागत नाही. पण भीती नाही वाटत. दोन्ही खरं आहे.

१४ एप्रिल

कसं लिहू? सरळ लिहितो.

मी आणि एजे सकाळी रक्ताचे नमुने घेऊन शहरात गेलो होतो. परिषदेला दुसऱ्या दिवशी यायचं होतं. पण रस्ता मोकळा मिळाला, म्हणून ते एक दिवस आधीच आले! पाच पांढऱ्या टोप्या मामांच्या दारात, आणि मामांचा स्वतःचा कळप परवाच वर कुरणात गेलेला. वाड्यात फक्त आमच्या आठ.

आम्ही परतलो तेव्हा कढईचा वास फाटकापर्यंत येत होता. एजेंनी वाडा पाहिला. मोजलं. पुन्हा मोजलं.

"सादिर भाऊ, तीन नंबर कुठे आहे?"

मामा हात पुसत बाहेर आले, चेहरा आनंदानं फुललेला. "या, या, वेळेवर आलात! पाहुणा दारातून कोरड्या तोंडी गेला तर मी गावात तोंड कुठे दाखवू? सगळ्यांत जाडजूड तीच होती. आणि एजे, पुढच्या आठवड्यात मरायच्याच होत्या ना?"

एजेंनी तिसऱ्यांदा मोजलं.

"हाडावरची पट्टी नीट सोडवली हो मी," मामा म्हणाले. "स्क्रूसुद्धा. धुऊन खिडकीत ठेवलीय. स्टील चांगलं आहे, तुम्हाला परत लागेल."

आत मांस-शेवयांच्या बेशबार्माकचं ताट मध्ये ठेवलेलं. ज्याच्या-त्याच्या मानाप्रमाणे हाडं वाटून झाली होती. मामांनी वडीलकीचा मान म्हणून मामित अतांना माकडहाडाजवळचं मोठं हाड दिलं, तर अता म्हणाले होते, "ते ह्या शेजारच्यांना दे. मी जन्मभर नडग्या जोडल्या, मला नडगीच दे." आणि मामांनी डावी नडगी दिली.

आम्ही दारात उभे, आणि अतांनी ती खरवडून साफ केली होती. नळीतला मगज काढायला सुरीची पाठ मारली. हाड तुटेना. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा तुटलं. त्यांनी तुकडा उजेडाकडे धरला. हाडावरची स्क्रूची भोकं पाहिली. मग एजेंकडे पाहिलं.

"बुरुल," ते हळूच म्हणाले, "ही तुझी आहे का?"

"आमची तीन नंबर," एजे म्हणाल्या.

खोलीत कोणी चावत नव्हतं. मग एकजण म्हणाला, "चव चांगली आहे."

मला हसू आलं आणि त्याच क्षणी पायातल्या कड्यांकडे नजर गेली. आठ नाहीत. सात आहेत.

१५ एप्रिल

मी एजेंना म्हटलं, हाड तुमच्या जाळीपाशी तुटलं नाही, वर तुटलं, सगळ्यांनी पाहिलं — हा पुरावा नाही का?

"नाही," एजे म्हणाल्या. "स्क्रूच्या भोकापाशी कुठलंही हाड तुटतं. आणि तीन तास उकळलेलं हाड काहीच सांगत नाही. मी ते मोजणार नाही."

"पण माझा पाय—"

"तुझ्या पायासाठीच मोजणार नाही."

राग आला. तासाभरानं गेला. खोट्या हाडावर उभं राहायचं नाहीये मला.

मामा माझ्याशी बोलत नाहीत. बोलायला तोंडच नाही त्यांना. मीच जाऊन चहा ओतला. "तुझ्यासाठीच कापली रे," म्हणाले. "ते खूश झाले, तर तुझं काम होईल वाटलं." मी म्हटलं, मामा, खूश तर झाले. ते म्हणाले, "दोनदा वाढून घेतलं!"

२३ एप्रिल

सात गेल्या. पशुवैद्यानं सुई दिली, डोकी मी धरली.

आपल्याकडे जनावराला मारण्याआधी तळवे पसरून त्याला सांगतात — तुझा काही गुन्हा नाही, पण आमच्या घरी अन्न नाही. मामांनी तळवे पसरले आणि अडकले. आज कुणी खाणार नव्हतं. औषधांच्या तपासासाठी सगळं मांस प्रयोगशाळेत जायचं होतं.

"खोटं सांगून कशी पाठवू हिला?" मामा म्हणाले. पशुवैद्य घड्याळ पाहत होता.

मग मी सांगितलं. "तुझा काही गुन्हा नाही. पण मला पाय नाही."

प्रत्येकीच्या कानात सांगितलं. पाच नंबरच्या वेळी फक्त ओठ हलवले. प्रार्थना संपली म्हणून मामांनी तोंडावरून हात फिरवला. एजेंनीही फिरवला. त्या कधी फिरवत नाहीत.

वाडा रिकामा. कुत्रा फाटकाशी बसून आहे.

७ मे

निकाल! एजे स्वतः सांगायला आल्या. पिळून पाहायच्या यंत्रात सातही नडग्या घातल्या. सहा जाळीच्या जागी तुटल्याच नाहीत, आधी दुसरीकडे तुटल्या. सातवी — जाळीतूनच तुटली. तिथे हाड अर्धंच राहायला आलं होतं.

"ती आधी सांगणार आहे मी परिषदेला," एजे म्हणाल्या. "चांगल्या सहा नंतर."

"कोणती होती?"

"पाच नंबर."

धावणारी! एजे म्हणाल्या, "धावली ते खरं आहे, आणि तुटलं तेही. हाड घाई करत नाही. म्हणून तू चार महिने वजन टाकायचं नाहीस. टाकलंस तर मी येऊन काठीनं मारीन."

म्हणजे शस्त्रक्रिया होणार असं धरूनच बोलतात त्या! मीही धरतो.

२१ मे

मतदान झालं. मला बाहेर बाकावर बसवलं होतं, दार पुरतं लागत नव्हतं. सगळं ऐकलं.

एजेंनी आधी पाच नंबर सांगितली, मग सहा. कोणीतरी म्हणालं, नियमाप्रमाणे आठ हव्यात, आठवी कुठे आहे?

आठवी कुठे आहे ते त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं.

मग मामित अता खुर्ची सरकवून उठले. "लिहून घ्या — आठवी परिषदेनं खाल्ली. आणि मी त्या पोराच्या मामाचं मीठ खाल्लंय. ज्याचं मीठ पोटात आहे त्याच्या बाजूनं किंवा विरुद्ध हात उचलणं मला शोभत नाही. मी मत देणार नाही."

"अता, मीठ आम्हीही खाल्लं."

"तुम्ही तरुण आहात, तुम्हाला पचतं."

ते बाहेर आले. माझ्यासमोरून गेले. माझ्या पायाकडे पाहिलं, कड्यांकडे, मग पुढे गेले. मला वाटलं, संपलं. सर्वांत मोठा सर्जन ज्याला हात लावत नाही, त्याला कोण लावणार?

आत चौघांनी हात वर केले. चारही होकार! एका माणसासाठी परवानगी.

मामांना फोन केला. तिकडून फक्त रडणं. मग, "पाहुण्यांना विचार, जेवायला कधी येतात?"

नको मामा!

९ जून

इस्पितळात आहे. उद्या सकाळी. सर्जन कोण ते कोणीच सांगत नव्हतं. दुपारी पडदा सरकला — मामित अता. हात धुऊन आलेले. कड्यांमधून बोट घालून फटीची जागा चाचपली, डोळे मिटून, जणू ती त्यांच्या ओळखीची होती.

"तू तापानं फणफणत होतास, तुला आठवत नसेल," ते म्हणाले. "हे हाड मीच काढलं होतं. भरणारही मीच."